झोडणीतला खोकला

हिंजवडीत आमच्या सोसायटीच्या कुंपणाला लागून भाताचं एक खाचर अजून विकायचं राहिलं आहे. मालकाच्या दोन भावांचं पटत नाही म्हणून राहिलं, एरवी तिथंही एव्हाना बाल्कन्या उभ्या राहिल्या असत्या. मार्गशीर्ष लागला की एक म्हातारा आणि त्याची सून तिथं दगडावर भात झोडतात. तेवढ्याशा भाताला यंत्र कोण आणणार? मी अकराव्या मजल्यावरून बघत बसते. पेंढी आपटलेली आधी दिसते आणि धप्प आवाज जरा मागून येतो.

त्याच आठवड्यात लिफ्टमध्ये खोकला सुरू होतो. मी नर्स होते हे कुणीतरी सांगून ठेवलंय, त्यामुळे गळ्यात कंपनीचा पट्टा घातलेली पोरं खाली उतरता उतरता विचारतात, "काकू, अँटिबायोटिक कोणतं घेऊ?" मी म्हणते, कोणतंच नको, सर्दी आहे, पाणी पी आणि झोप. पोराचा चेहरा पडतो. तो पडलेला चेहरा माझ्या चांगल्याच ओळखीचा आहे. पंच्याऐंशी-शहाऐंशीच्या सुमाराला मुळशी धरणाच्या कडेच्या गावांत ओट्याओट्यावर बायकांचा चेहरा अस्साच पडायचा, मी सुई देणार नाही म्हटलं की.

भाताचा हंगाम म्हटलं की लोकांना आंबेमोहोराचा वास आठवतो. आठवू दे. मला आठवतो तो मार. आधी कापायचं, मग बांधायचं, मग खळ्यावर आणून आपटायचं, दाणा सोडेपर्यंत आपटायचं. सकाळपासून संध्याकाळपर्यंत खोरंभर तोच आवाज चाले. माणसांचे हातही त्या दिवसांत सैल सुटलेले असत. बांधावरून भांडण झालं की विळे निघत. भाकरी उशिरा आली म्हणून पेंढी बाजूला ठेवून बायकोला हाणणारे मी पाहिलेत, आणि हाणून झाल्यावर तीच पेंढी उचलून पुन्हा झोडायला लागणारेही. माझ्या पेटीतली निम्मी पट्टी त्या दोन महिन्यांत संपायची. उरलेली पेटी खोकल्याला लागायची. भाताचं कूस, टोचणारी बारीक कुसळं, उडत असे, पहाटे थंडी, दुपारी ऊन, घरात चुलीचा धूर, आणि सगळी पोरं खळ्यावर एकमेकांच्या अंगावर लोळत असत. एकाला झालं की सगळ्यांना होई.

सर्दी-खोकला ओळखायला काय शिकायचंय, असं मलाही वाटे. मग आम्हाला पुण्याला प्रशिक्षणाला नेलं. तिथल्या डॉक्टरबाई कडक होत्या. त्या म्हणाल्या, खोकला ऐकू नका, पोर बघा. साधी सर्दी नाकापासून सुरू होते. नाक गळतं, शिंका येतात, अंग जरा कोमट लागतं, पण पोर खेळतं, पितं, दुसऱ्याच्या हातातला गूळ हिसकावून घेतं. फ्लूचं तसं नाही. सकाळी विळा घेऊन गेलेला गडी दुपारी बांधावर आडवा होतो, सणसणून ताप, हाडन् हाड ठणकतं, आणि दोन दिवसांत अख्खं घर अंथरुणाला. गोवर आधी सर्दीचं सोंग घेतो, पण डोळे लाल होतात, उजेड सोसत नाही आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कानामागून पुरळ उतरायला लागतं. एक खोकला कुत्रं भुंकल्यासारखा असतो, त्यात आवाज बसतो आणि श्वास आत घेताना शिट्टी वाजते. तो घशातल्या सुजेचा. आणि अगदी तान्ह्यांच्या छातीत सर्दीमागून घरघर लागते, ती वेगळी.

ही सगळी विषाणूंची कामं. त्यांना पेनिसिलीनची सुई टोचली काय आणि भिंतीला टोचली काय, सारखंच. अंगावरचं दूध, पेज, कोमट पाणी, तापाला गोळी, ओल्या फडक्यानं अंग पुसणं, धुरापासून लांब ठेवणं, एवढंच करायचं. बाकीचं शरीर करतं. फक्त एक गोष्ट बघत राहायची. यातलं काहीही खाली फुप्फुसात उतरू शकतं. मग पोर भराभर श्वास घेतं, बरगड्यांखाली खळगा पडतो, नाकपुड्या फुलतात. दोन महिन्यांच्या पुढचं आणि वर्षाच्या आतलं पोर शांत असताना मिनिटाला पन्नास किंवा वर गेलं तर थांबायचं नाही, दवाखाना गाठायचा. त्यासाठी आम्हाला सेकंदकाट्याचं घड्याळ वापरायला शिकवलं. आमच्याकडे त्याला 'पोट उडणं' म्हणत. पोट उडायला लागलं की डाग द्यायचा, ही जुनी रीत. विळ्याचं टोक चुलीत लाल करायचं आणि बेंबीभोवती टेकवायचं. गावातल्या निम्म्या पुरुषांनी सदरा काढला की पोटावर ते वण दिसत.

आता माझं सांगते, कारण चूक माझी आहे. मी कोळवण खोऱ्यातली, बौद्ध घरातली. नोकरीही त्याच मुलखात. मोठ्या शेतकऱ्यांच्या घरी मी गेले की ओट्यापर्यंत. पोराला हात लावलेला चालायचा, सुई टोचलेली तर फार चालायची, पण उंबऱ्याच्या आत मी जायचं नाही हे न बोलता ठरलेलं होतं. चहा यायचा तो वळचणीच्या कोनाड्यात वेगळ्या ठेवलेल्या कपातून. तो कान तुटलेला कप मी पहिल्याच आठवड्यात पाहिला आणि त्यानंतर साऱ्या पंचक्रोशीत चहा न पिणारी नर्स म्हणून प्रसिद्ध झाले. घरी दिवसाला पाच कप प्यायचे. चहा नको म्हणून बसणं नको, बसणं नको म्हणून बोलणं नको. उभ्या उभ्या यायचं, पोर बघायचं, दोन वाक्यं टाकायची आणि निघायचं. मला तो माझा स्वाभिमान वाटायचा. होताही. पण त्याची किंमत दुसऱ्याच कुणाच्या तरी अंगावर पडली.

हिरा विशीतली, बबनची बायको. तिची पोरगी संगीता सात महिन्यांची. एका सकाळी मी ओट्यापाशी उभी राहिले तेव्हा पोरीचं नाक वाहत होतं, थोडा खोकला होता, अंग जरा कोमट. घड्याळ लावून मोजलं, अडतीस श्वास. मांडीवर बसून माझी लेखणी ओढत होती. साधी सर्दी.

बबनची आई उंबऱ्यात उभी होती. तिला सगळं गाव सोनाआजी म्हणे. म्हणाली, "सुई टोचा आन् जावा."

"सुईची गरज नाही, आजी. सर्दी आहे."

"मंग आलायसा कशाला?"

तिचं विचारणं खरं तर रास्त होतं. पण माझी जीभ त्या काळी विळ्यासारखी होती. मी म्हटलं, "तुमच्यासारख्यांना सुई म्हणजे देव झालाय. येता-जाता सुई मागायला मला बोलवू नका." हिराच्या हातावर तापाच्या गोळ्या ठेवल्या आणि निघाले. हिरा पायरीपर्यंत आली. तिला काहीतरी विचारायचं होतं, ते तिच्या तोंडावर दिसत होतं. मी थांबले नाही.

मी सांगितलं ते शब्दशः बरोबर होतं. त्या दिवशी सर्दीच होती. आज काय आहे ते मी सांगितलं, उद्या काय होऊ शकतं ते सांगितलं नाही. पोट उडायला लागलं तर मला बोलवा, ही सहा शब्दांची गोष्ट, आणि मी बजावून काय आले, तर बोलवू नका.

चौथ्या दिवशी मी त्याच आळीत, पाच-सहा घरं सोडून, गोवर निघालेलं एक पोर बघत होते. खळ्यावर झोडणी जोरात चालली होती. हिरा धावत आली. डोक्यावर पदर नव्हता, गालावर पाच बोटं उठली होती.

"बाई, चला. सासूनं इळा चुलीत घातलाय."

"काय झालं?"

"कालपास्नं प्वाट उडतंय पोरीचं. म्या म्हनलं बाईंस्नी बलवू, तर मला हानलं. म्हनली, ती काय सुई देत न्हाई, ती ईल आन् शिव्या दिऊन जाईल."

पेटी तिथंच टाकून मी पळाले. उंबरा आला तेव्हा थांबले नाही, आणि थांबले नाही हे माझ्या लक्षातही आलं नाही. आत अंधार आणि धूर. चुलीपुढं सोनाआजी बसलेली, मांडीवर पोर उताणी, धाकट्या सुनेनं पोरीचे पाय धरलेले. एक डाग देऊन झाला होता, बेंबीच्या उजवीकडं. जळालेल्या कातडीचा वास घरभर होता. पोर रडत नव्हतं. रडायला लागणारा श्वास तिच्याकडे उरला नव्हता, नुसतं तोंड उघडत होतं. विळा दुसऱ्यांदा लाल होऊन चुलीतून बाहेर आला आणि खाली यायला लागला.

मी पातं धरलं. मूठ तिच्या हातात होती, मला धरायला पातंच उरलं होतं. हाताला क्षणभर काहीच कळलं नाही, मग एकदम सगळं कळलं. मी ओढलं, तिनं ओढलं. तिनं दुसऱ्या हातानं फुंकणी उचलून माझ्या कोपरावर घातली. मी तिला खांद्यानं ढकललं. ती मागं पडली ती पाण्याच्या हंड्यांवर. दोन्ही हंडे आडवे झाले, पाणी चुलीत गेलं, राख आणि वाफ उसळून तोंडावर आली. विळा माझ्या हातून गळून पडला, त्याला माझी कातडी चिकटली होती.

सोनाआजी ओल्या जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होती. "माझ्या चुलीपतुर आलीस?" ती म्हणाली.

"तुझ्या नातीपतुर आले," मी म्हटलं.

मी पोर घेतलं. डाव्या मनगटावर घड्याळ होतं, उजवा हात वर धरून ठेवला होता. मागच्या दारात उजेडाला बसून मोजलं. अडुसष्ट. बरगड्यांखाली एवढा खळगा पडत होता की माझा अंगठा बसला असता. ओठ निळसर.

झोडणीचा आवाज थांबला होता. बबन खळ्यावरून आला, अंगभर कूस, उघडा. त्याच्या पोटावर तीन वण होते. आई त्याच्याकडे बोट दाखवून मला म्हणाली, "ह्यो बग. तीन बारीला डागला म्हून ह्यो हाय. याच्या आदीच्या दोगांना डागलं न्हाई, ती दोगं गेली." ती ओरडत नव्हती. तिला तिचा हिशेब पक्का ठाऊक होता.

बबननं आईकडं पाहिलं, माझ्या हाताकडं पाहिलं. मग पोरीकडं. म्हणाला, "कुटं न्यायची?"

"पौडला, सरकारी दवाखान्यात. आत्ताच्या आत्ता."

सडकेवर एक जीप आली, खच्चून भरलेली. थांबेना, तेव्हा बबन मध्येच उभा राहिला. ड्रायव्हर शिव्या देत खाली उतरला, जागा न्हाई म्हणाला. बबननं त्याची गचांडी धरून त्याला बॉनेटवर आपटलं, दोन्ही हातांनी, अगदी पेंढी आपटावी तसं. ड्रायव्हरचं नाक फुटलं. मग जागा झाली. पौडपर्यंत ड्रायव्हर एका हातानं नाक पुसत गाडी हाकत होता, हिरा पोरीला छातीशी उभी धरून होती आणि मी मोजत होते. दर दोन-तीन मैलांना आकडा सांगत होते आणि तो ऐकून बबनचा जबडा हलत होता. सत्तर. बाहत्तर. सत्तर.

संगीता जगली. ऑक्सिजन लागला, सुया लागल्या. आता त्या खरोखरच लागायच्या सुया होत्या, कारण सर्दी खाली उतरून तिचा न्यूमोनिया झाला होता. फुप्फुस आठ-दहा दिवसांत सुधारलं. डाग मात्र महिनाभर वाहत राहिला.

डागानं पोट उडायचं थांबतं हे लोकांना का वाटतं, ते मला तिथल्या डॉक्टरांनी समजावलं. भाजलेलं पोट हलवलं की दुखतं, म्हणून पोर पोट ताठ धरतं, श्वास उथळ घेतं. बघणाऱ्याला वाटतं, उडायचं थांबलं. पोर आत घुसमटतच असतं. ज्यांचा आजार मुळात हलका असतो ती वाचतात आणि श्रेय विळ्याला जातं. आमच्या सुईचंही फारसं वेगळं नव्हतं. पाच दिवसांत आपोआप जाणाऱ्या सर्दीला तिसऱ्या दिवशी टोचली की पाचव्या दिवशी सुईचा गुण आला. माणसाला आजारापेक्षाही हात बांधून बसणं सोसत नाही. मी सोनाआजीचे हात रिकामे ठेवून निघून गेले होते, आणि तिच्या घरात रिकाम्या हाताला सापडणारी वस्तू त्या हंगामात विळाच होती.

पंधरा दिवसांनी हाताला पट्टी बांधून मी पुन्हा त्या घरी गेले. दारातून आत दिसलं. चुलीपासून उंबऱ्यापर्यंत नवं शेण सारवलेलं होतं, हंडे नवे होते. मी आत पाय ठेवल्याचा सगळा माग पुसून काढला होता. राग आला. आजही येतो, खोटं कशाला बोलू. परत फिरावं असं वाटलं, तेवढ्यात सोनाआजी बाहेर आली आणि उभ्यानंच म्हणाली, "तुमी त्या दिशी सुई दिली असती तर म्या इळा घातला नसता."

सुई देणं चूक ठरलं असतं आणि न देऊन असं झालं, हे दोन्ही एकदम तिला कसं सांगणार?

मग मी बसले. नोकरी लागल्यापासून त्या ओट्यावर पहिल्यांदा बसले. चहा आला, कोनाड्यातल्या त्याच कपातून. मी तो शेजारी ठेवला आणि बोलायला लागले. आज काय आहे, उद्या काय बघायचं, परवा काय दिसलं तर पळायचं. चोंदलेलं नाक मिठाच्या कोमट पाण्याचे थेंब घालून कसं मोकळं करायचं. तुळशीचा काढा मोठ्यांना द्या, तान्ह्याला आईचं दूध, आणि वर्षाच्या आत मध चाटवायचा नाही. हाताला काम दिलं. सोनाआजी उंबऱ्यात उभी राहून ऐकत होती, हिरा मान हलवत होती. चहा निवेपर्यंत बोलले, चहा तसाच ठेवला आणि उठले. पुढं सगळ्या घरांत माझं तेच माप झालं. चहा प्यायचा नाही, पण निवेपर्यंत उठायचं नाही. नोकरीभर मी किती कप चहा निववला, ते त्या खोऱ्यातल्या बायकांनाच ठाऊक. सुई मागणं त्यानं बंद झालं नाही. डाग मात्र त्या आळीत पुन्हा मी पाहिला नाही.

गेल्या मार्गशीर्षात दाराची बेल वाजली. संगीता होती. हिंजवडीतच नोकरी करते, पलीकडच्या इमारतीत राहते, पत्ता हिरानं दिलेला. कडेवर वर्षाच्या आतलं पोर, नाक वाहणारं. ती चपला काढून थेट माझ्या स्वयंपाकघरात गेली, डबे उघडून साखर शोधली आणि चहा टाकला. मी दारात उभी राहून नुसती बघत राहिले.

चहाचे कप घेऊन ती समोर बसली. म्हणाली, "मावशी, एक विचारू? आजी जाईपर्यंत म्हणायची, नर्सनं सुई दिली नाही म्हणून मी डागलं. खरंय?"

"खरं आहे," मी म्हटलं. "त्या दिवशी तुला सर्दीच होती. सुई नको हे माझं बरोबर होतं. पण मी बसले नाही. उद्याचं काही सांगितलं नाही. वर टोचून बोलले आणि निघून गेले."

"बसला असतात तर?"

"तर बहुतेक तुझ्या पोटावर काही नसतं."

ओढणीखाली तिचा हात पोटाच्या उजव्या बाजूला गेला होता, तिला ते कळलंही नसेल. खाली झोडणी चालली होती. मला वाटलं आता ही उठेल, आणि उठली असती तर मी तिला थांबवू शकले नसते. माझा तळहात मी उघडा ठेवला होता. त्यावरून आडवा गेलेला तो वण तिनं पाहिला. एक डाग तिला झाला, दुसरा मला, एकाच विळ्याचे.

"मग आज बसा," ती म्हणाली. तिचा आवाज कोरडा होता. "हिचं बघा. आज काय आहे ते सांगा, आणि उद्या काय बघायचं तेही."

मी पोरीला मांडीवर घेतलं. झबलं वर केलं. कोवळं, कोरं पोट, वर-खाली होणारं. घड्याळ लावलं आणि मोजलं, छत्तीस. खळगा नाही, घरघर नाही. पोर माझा चष्मा ओढत होतं. सर्दी आहे, मी म्हटलं, आणि मग उद्याचं सांगितलं, परवाचं सांगितलं, श्वास कसा मोजायचा ते तिच्याकडून तीनदा करून घेतलं, कितीच्या वर गेलं तर पळायचं तो आकडा तिला कागदावर लिहून दिला, तिनं विचारलेलं पुन्हा सांगितलं आणि न विचारलेलंही.

बोलून झालं तेव्हा चहावर साय धरली होती. संगीता म्हणाली, गरम करून आणते. मी नको म्हटलं. इतकी वर्षं ओट्याओट्यावर निववून सोडलेला तो चहा मी कप उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.